तिसरी मात्रा, सातवी मात्रा

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत दर शनिवारी सकाळी एक माणूस गिटारची काळी पिशवी गुडघ्यांत धरून बसलेला असतो. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गाडी थांबत जाते. वय पन्नाशीकडे झुकलेलं, उजव्या हाताच्या अंगठ्याला जुना घट्टा. आठवडाभर तो नांदेडात शिकवतो, शनिवार-रविवार लातुरात. पिशवी डिकीत टाका, असं कंडक्टर आता म्हणत नाहीत.

लातुरात त्याच्याकडे येणारी बहुतेक मुलं बाहेरगावची. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने आलेली, नीट नाहीतर जेईईच्या तयारीला लागलेली, एका खोलीत तिघं-तिघं राहणारी. त्यांना दिवसातून जेमतेम अर्धा तास मिळतो आणि तोही रात्री. शेजारी अभ्यास करत असतो म्हणून तारांखाली, ब्रिजला अगदी चिकटवून, रुमालाची घडी सरकवायची. आवाज दबतो, पण ताल स्वच्छ ऐकू येतो. ही युक्ती सर पहिल्याच दिवशी सांगतात, कारण त्यांच्या मते पहिल्या दिवसापासून तालच ऐकू यायला हवा.

मुलांना हिंदी सिनेमातली गाणी हवी असतात. सर ती शिकवतात, पण आधी एक इंग्रजी गाणं पुढे ठेवतात. 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या अमेरिकन बँडचं १९६९ सालचं 'बॅड मून रायझिंग'. अख्ख्या गाण्यात डी, ए आणि जी अशा तीन कॉर्ड. आठ-दहा दिवसांत डावा हात त्या शोधू लागतो. "सर, बोटं दुखायलेत," एवढीच तक्रार असते, आणि ती महिन्याभरात मिटते. मग कॉर्ड बरोबर, सूर बरोबर, आणि तरी गाणं काही केल्या त्या गाण्यासारखं वाजत नाही.

हे कोडं त्यालाही पडलं होतं. लहानपणी तो नांदेडात भजनी मंडळात तबल्यावर बसायचा. पुढे कुणीतरी दिलेली कॅसेट पुन्हा पुन्हा मागे फिरवून त्याने हेच गाणं बसवलं, आणि कित्येक महिने ते चुकीचं वाजवलं. चूक डाव्या हाताची नव्हती. केरव्याचे बोल घ्या: धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा. या गाण्याच्या एका घरातही आठच मात्रा मोजता येतात, म्हणून कान फसतो. आपला हात सवयीने समेवर, 'धा'वर जोर देतो. या गाण्याचा जोर मात्र तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर आहे, म्हणजे 'ना'वर आणि 'धि'वर. ड्रमवादकाचा स्नेअर तिथेच पडतो. ज्या दिवशी हे त्याच्या ध्यानात आलं, त्या दिवशी त्याने कॉर्ड सोडून दिल्या, तारांवर डावा तळहात आडवा टाकला आणि तासभर फक्त उजवा हात चालवला.

आजही तो तसंच शिकवतो. पहिल्या मात्रेवर अंगठ्याने एकच जाड तार, तिसरीवर उरलेल्या तारांवरून हात खाली, पाचवीवर दुसरी जाड तार, सातवीवर पुन्हा हात खाली. डी कॉर्डला आधी चौथी तार, मग पाचवी. ए कॉर्डला आधी पाचवी, मग सहावी. जी कॉर्डला सहावी, मग चौथी. तोंडाने केरव्याचे बोल म्हणायचे आणि 'ना' व 'धि' आले की हात पाडायचा. ज्या मुलाच्या कानात टाळ-पखवाज आहे त्याला मात्रा मोजायला शिकवावं लागत नाही, फक्त जोराची जागा हलवावी लागते. मराठवाड्यातल्या मुलांची ही मोठी शिदोरी आहे असं सरांचं ठाम मत. परका ताल शिकताना आपला ताल विसरायचा नसतो, त्याच्याच मापाने तो मोजायचा असतो.

अंगठ्याने जाड तारा बोलक्या करायच्या आणि बाकी बोटांनी वरून झाडू फिरवल्यासारखा ताल धरायचा, ही रीत रॉकच्या आधीची आहे. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या कार्टर कुटुंबाने १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं. त्यात गिटार वाजवणारी मेबेल कार्टर तेव्हा अठरा वर्षांची होती. ती जाड तारांवर चक्क गाण्याची चाल वाजवायची. रूट्स रॉक म्हणजे याच मुळांकडे, कंट्री, ब्लूज आणि गॉस्पेलकडे वळलेलं रॉक. म्हणूनच ही गाणी विजेशिवाय, एका लाकडी गिटारवर उभी राहतात. क्रीडन्सच्याच 'प्राउड मेरी'चं कडवं तर बराच वेळ एकाच डी कॉर्डवर चालतं. तिथे डाव्या हाताला कामच नसतं, सगळी परीक्षा उजव्याची.

गाण्याची पट्टी हा पुढचा अडसर. क्रीडन्सचा गायक जॉन फोगर्टी याचा आवाज उंच. त्याच्या पट्टीत गायला गेलं की मुलांचा गळा ताणतो. सर पेटी काढतात, मुलाची पट्टी ठरवतात. काळी एक निघाली तर सी कॉर्डच्या ओळीतले आकार धरायचे आणि कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर. काळी दोन असेल तर तोच कॅपो तिसऱ्यावर. पेटीची भाषा येणाऱ्याला कॅपो पाच मिनिटांत कळतो.

लाकडाचं मात्र निराळं. गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटवर घासून झणझणतात. पावसाळ्यात उलट: लाकूड फुगतं, तारा उंच होतात, दाबायला जड जातात. म्हणून पहिली गिटार प्लायची घ्या, असं तो पालकांना सांगतो. अखंड लाकडाची गिटार गोड वाजते, पण इथला उन्हाळा प्लाय जास्त सोसते. शिवाय पिशवीत छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवायचा.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या एप्रिलमध्ये स्पंज भिजवायलाही पाणी मागायची त्याला लाज वाटली. शिकवायला तेव्हा नेमकं 'हॅव यू एव्हर सीन द रेन' होतं. १९७१ च्या जानेवारीत सिंगल म्हणून आलेलं, उन्हात पडणाऱ्या पावसाचं गाणं. अनेकांनी त्यात व्हिएतनाम युद्ध पाहिलं. फोगर्टीने मात्र बँड फुटायच्या बेतात असतानाची घालमेल त्यात असल्याचं सांगितलं आहे. लातूरच्या त्या खोलीतल्या मुलांना दोन्ही अर्थांची गरज पडली नाही. त्यातली एफ कॉर्ड नवशिक्यांना छळते, कारण पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. सर ती आधी चारच तारांवर शिकवतात. पूर्ण एफ पाऊस पडल्यावर झाली तरी चालते.

"आपण ही गाणी गायची कशाला? आपली थोडीच आहेत?" हा प्रश्न पालकांकडून येतो, आणि तो रास्त आहे. फोगर्टी कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोत वाढला आणि त्याने गाणी रचली दक्षिणेतल्या दलदलींची, मिसिसिपीवरच्या बोटींची. अमेरिकन मातीचा आवाज म्हणून गाजलेल्या 'द बँड'मधल्या पाचांपैकी चौघे कॅनडाचे. त्यांच्या १९६८ च्या 'द वेट'मधलं नाझरेथ हे गाव त्यांच्यातल्या रॉबी रॉबर्टसनला सापडलं ते त्याच्या मार्टिन गिटारच्या पोटातल्या शिक्क्यावर, कारण मार्टिन कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथची. आणि आपल्याकडे नंदू भेंडे होते. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा मुंबईत इंग्रजी रॉक गायचा, 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाला आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठीत गायला. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. त्यांचं नाव आजच्या मुलांना ठाऊक नसतं, ते सर आवर्जून सांगतात.

आपल्याही घरी एखादी गिटार माळ्यावर पडली असेल. ती खाली काढा. गंजलेल्या तारा बदला, धूळ पुसा, एफच्या भीतीने सोडलेली असेल तर एफ सध्या राहू द्या. डी, ए, जी धरा, तोंडाने केरवा म्हणा आणि 'ना'वर हात पाडा.