मुतारीवरून बार ओळखा

जेवत असाल तर ही पोस्ट नंतर वाचा. विषय मुतारीचा आहे, तोही परमिट रूमच्या मुतारीचा.

तालुक्याच्या पत्रकाराला परमिट रूम टाळता येत नाही, मग तो पीत असो की नसो. ठेकेदार, कार्यकर्ते, इच्छुक उमेदवार आणि त्यांचे विरोधक, सगळे संध्याकाळी तिथंच सापडतात. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, पारोळा, जळगाव, धुळे असे बरेच बार या निमित्तानं बघून झाले. त्यातून माझा एक हिशेब तयार झालाय. नवीन ठिकाणी गेलो की मेनू कार्ड मागायच्या आधी मागं जाऊन मुतारी बघून येतो. किचन कोणी दाखवत नाही, मुतारी मात्र लपवता येत नाही. गिऱ्हाईक रोज बघतं ती जागा जो घाण ठेवतो, तो न दिसणारी जागा कशी ठेवत असेल?

आणि मुतारी ही बारमध्ये जादाची सोय नाही. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची. दोघांनी मिळून तीन संपवल्या तर दोन लिटरच्या आसपास गेलं. शरीरात पाणी धरून ठेवायला सांगणारं जे हार्मोन असतं, ते दारूनं दबतं, म्हणून पिणाऱ्याला जास्त लागते. म्हणजे ज्या मालानं माणसाला मुतारी लागते तोच माल आपण विकायचा, आणि मुतारीला जागा उरली तर द्यायची, असा हा कारभार आहे.

आता कसोट्या. टाइल्सवर जाऊ नका, टाइल्स उद्घाटनासाठी असतात.

पहिली कसोटी वासाची. डोळ्यात झोंबतो तो अमोनिया. लघवीतल्या युरियापासून जंतू तो तयार करतात, म्हणजे जागा बराच वेळ धुतलेली नाही. गटारासारखा वास वेगळा. ट्रॅपमधलं पाणी आटलं की तो पाइपातून वर येतो, आणि बादलीभर पाणी ओतलं तरी थांबतो. डांबर गोळ्यांनी वास जात नाही, त्यावर दुसरा चढतो. काही मोठ्या बारमध्ये मुतारीत बर्फ टाकलेला दिसतो. हसू नका, त्यात अक्कल आहे. बर्फ सावकाश वितळतो, पाणी झिरपत राहतं, गारव्यानं वास दबतो.

दुसरी पाण्याची. नळ आहे म्हणजे पाणी आहे असं नाही. मे महिन्यात जाऊन बघा, तेव्हा खरं कळतं.

तिसरी साबणाची. बडीशेप सगळीकडे मिळते, साबण मिळत नाही. तेच हात पुन्हा चखण्याच्या प्लेटमध्ये जातात.

चौथी कडी आणि दिवा. एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं मोबाईलचा टॉर्च लावावा लागत असेल, तर मार्क कापा.

पाचवी, धुतं कोण? बहुतेक ठिकाणी टेबल पुसणारा पोऱ्याच फडकं बदलून (किंवा न बदलता) मुतारी धुतो. त्याला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही दिलेले असतात. एकत्र टाकले तर क्लोरीन वायू निघतो आणि कोंदट खोलीत जिवावर बेतू शकतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

या पाचही कसोट्यांत पास होणारे बार आपल्या भागात आहेत. ते अडकतात सहाव्या कसोटीवर. इथं काम करणारी बाई कुठं जाते?

रस्त्यालगतच्या एका परमिट रूमच्या मालकाला मी विचारलं, लेडीज टॉयलेट कुठंय? नाव सांगत नाही, कारण एकाचं घेतलं की बाकीचे सुटतात. तो हसला. म्हणाला, "भाऊ, आठे बाया कोठे येतस?" त्याच वेळी किचनमध्ये दोन बाया भाकरी थापत होत्या. सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत. त्यातल्या मावशी म्हणाल्या, "मी दुपारपाइन पानीच पेत नही भाऊ. अंधार पडना की मांगे जास." मागं म्हणजे कपाशीच्या वावरात. आपण ज्या शेवभाजीचं कौतुक करतो ती बनवणारी बाई जळगावच्या उन्हाळ्यात भट्टीसमोर बारा तास उभी आहे आणि पाणी पीत नाही. लघवी अडवून आणि पाणी तोडून काय होतं, कुठल्याही डॉक्टरला विचारा. जळजळ, इन्फेक्शन, मुतखडा.

कायदा नाही असं नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतलं परिशिष्ट ४ काढून बघा. हात धुवायची सोय, बाई-पुरुषांना वेगळी स्वच्छतागृहं, आणि त्यांचं दार थेट स्वयंपाकाच्या जागेत उघडायला नको, असं त्यात लिहिलंय. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यातही कामगारांसाठी शौचालयाची तरतूद आहे, पण तो ठरावीक संख्येइतके कामगार असतील तिथंच लागू होतो. आपल्याकडच्या बारमध्ये कागदावर किती कामगार असतात, हे मी सांगायला नको.

शहरातल्या बायांनी ही लढाई आधी लढली. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायांकडून पैसे, हा साधा अन्याय त्यांनी समोर मांडला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना रस्त्यावर वावरणाऱ्या बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण तो आदेश महापालिकांना. भडगावला नगरपरिषद आहे. बाजाराला आलेल्या, कोर्ट-तहसीलला आलेल्या, एसटीची वाट बघणाऱ्या बाईची गरज काही गावाच्या दर्जाप्रमाणे कमी होत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरतं की १८६७ च्या सराय कायद्यानं कुठल्याही हॉटेलात फुकट लघवीला जायचा हक्क आहे. तो कायदा सरायांची नोंदणी, साफसफाई, मालकाची कर्तव्यं याबद्दल आहे. फुकट शौचालयाचा हक्क त्यात लिहिलेला नाही. तो मेसेज दाखवून भांडायला जाऊ नका, तोंडघशी पडाल.

करता येण्यासारखं दुसरं आहे. जर्मनीत आलेन नावाच्या गावानं २००० च्या सुमारास एक युक्ती काढली. नवीन शौचालयं बांधून ती सांभाळत बसण्यापेक्षा नगरपालिका गावातल्या हॉटेल-बारवाल्यांना दर महिन्याला थोडे पैसे देते, ते दारावर स्टिकर लावतात, कोणीही आत जाऊन वापरावं, काही विकत घ्यायची सक्ती नाही. पुढं अनेक गावांनी हे उचललं. दक्षिण दिल्ली महापालिकेनंही १ एप्रिल २०१७ पासून हॉटेलांची स्वच्छतागृहं जास्तीत जास्त पाच रुपयांत सगळ्यांना खुली केली होती.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. परमिट रूमच्या दारातून आत जायची हिंमत आपल्या घरातली बाई करणार नाही आणि तिनं का करावी? म्हणून बाजारपेठेतली जेवणाची हॉटेलं, नाश्त्याची दुकानं, मंगल कार्यालयं यांच्याशी नगरपरिषदेनं बोलावं. पाणी आणि साफसफाईचा खर्च नगरपरिषदेचा, जागा त्यांची, बाहेर पाटी. सुरुवातीला पाच-सहा ठिकाणं झाली तरी बाजाराच्या दिवशी मोठा फरक पडेल.

आणि परमिट रूमचं म्हणाल तर लायसन्सचं दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण होतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात. तपासणीला येणारे साहेब स्टॉक रजिस्टर बघतात, बंद करायची वेळ बघतात. त्यांनी एकदा किचनच्या मागंही जाऊन बघावं. बाई कामाला असेल तर कडी-दिवा-पाणी असलेलं वेगळं टॉयलेट दाखवा, मग नूतनीकरण. खर्च किती येतो? चार भिंती, एक भांडं, एक टाकी. नवीन एलईडी बोर्डाला लोक याहून जास्त घालवतात.

तोवर गिऱ्हाईक म्हणून आपण एक करू शकतो. बिल देताना मालकाला विचारायचं, शेठ, भाकरी करणाऱ्या मावशी कुठं जातात? एकानं विचारलं तर तो हसेल. दहा जणांनी विचारलं तर गवंडी बोलावेल.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, खाली लिहा. बारचं नाव नको, गावाचं लिहा. आलेली यादी मी नगरपरिषदेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देणार आहे, पोच घेऊन.