खकनारची विहीर

गेल्या वैशाखात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनार या गावी जाण्याचा आम्हांस योग आला. सातपुड्याच्या आश्रयाचा हा मुलूख. उन्हाने होरपळलेली शेते आणि डोंगरांच्या काळ्या कडा एवढेच काय ते दृष्टीस पडत होते. ज्या कुटुंबाकडे आम्ही उतरलो, त्यातील गृहस्थांनी कर्ज काढून विहीर खणावयास घेतली होती. वर मुरूम, त्याखाली काळा कठीण पाषाण आणि तळाशी आता गेरूसारखा तांबडा पट्टा लागलेला. पाण्याचा मात्र थेंब नाही. "फादर, आता थांबावे की खणावे?" असे त्यांनी काकुळतीने विचारले.

वाचकहो, त्या विहिरीच्या भिंतीवर मोठा इतिहास लिहिलेला होता. तो वाचण्याचा पहिला नियम निकोलस स्टेनो या विद्वानाने १६६९ साली मांडला: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हे स्टेनो पुढे धर्मगुरू व बिशप झाले आणि १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमी दुभंगून तो पुनःपुन्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. दोन पुरांमध्ये दीर्घ विसावा पडे. तेवढ्यात ऊनपावसाने खडक कुजून माती होई, तिच्यातील लोह तांबडे पडे आणि पुढचा तप्त रस तिला भाजून काढी. तोच हा तांबडा पट्टा! त्याच्या घटकांवरून त्या काळच्या हवापाण्याचा अदमास शास्त्रज्ञ बांधतात.

याहून नवल चुंबकत्वाचे. रस थिजताना त्यातील लोहाचे सूक्ष्म कण पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दख्खनचे पाषाण तपासले, तेव्हा आपली भूमी पूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती असे दिसून आले. ज्या भूमीला आपण अचल म्हणतो, तिनेही केवढा प्रवास केला आहे!

आता विहिरीकडे वळू. तांबडा पट्टा हा जुन्या थराचा माथा. लाव्हारसाच्या माथ्यातून वायू निसटताना पोकळ्या राहतात; असा सच्छिद्र, मांजऱ्या खडक पाणी धरून ठेवू शकतो. मधला काळा पाषाण मात्र भेगा नसतील तर कोरडाच राहतो. म्हणून आम्ही म्हणालो, "पट्ट्याखाली पाणी असण्याचा संभव आहे, हमी नाही. नवे कर्ज काढण्यापूर्वी भूजल जाणणाऱ्यास दाखवा."

त्यांनी तसे केले आणि मग आणखी काही हात खणले. मृगापूर्वी त्यांचा निरोप आला: मांजऱ्यात पाझर लागला आहे. पाणी थोडे आहे, परंतु घरच्या मंडळींना व गुरांना पुरते.