यवतेश्वरचा घाट आणि धावणाऱ्यांचा रोजमेळ

सप्टेंबर महिन्यातील एका शनिवारी दुपारनंतर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एरवी न दिसणारी माणसे दिसू लागतात. पाठीवर लहानशी पिशवी, पायांत रंगीत बूट आणि हातात, दुसऱ्या दिवशी छातीवर लावायच्या क्रमांकाचे पाकीट. कोणी पुण्याहून आलेले असते, कोणी मुंबईहून, कोणी कोल्हापूर-सांगलीकडून. लॉजमधील खोल्या कित्येक आठवडे आधीच भरलेल्या असतात. रिक्षावाले सामान आत घेता घेता विचारतात, "उद्या पळायला आलाय न्हवं?" पाहुणा मान डोलावतो आणि रिक्षा चालू होण्यापूर्वीच घाटाची चौकशी करू लागतो.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे शहर छत्रपती शाहू महाराजांची राजधानी होते. कष्टाच्या खेळांशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर माण तालुक्यातील मोही गावच्या. परंतु त्या शनिवारी शहरात उतरणारे पाहुणे या थोर खेळाडूंच्या पंक्तीतले नसतात. ते दुकानदार, शिक्षक, वकील, बँकांतील कर्मचारी आणि गृहिणी असतात. त्यांतील बहुतेकांनी चाळिशी उलटल्यावर प्रथमच धावण्याचे बूट विकत घेतलेले असतात.

त्यांना येथे आणणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. अंतर २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनच्या निम्मे. एकाच डोंगरावरील शर्यतीत सर्वाधिक लोक धावल्याबद्दल २०१५ मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली आणि तिचे नाव दूरवर पोहोचले. तिचा मार्ग सांगायला सोपा आहे. शहरातील रस्त्यांवरून समर्थ मंदिराकडे जायचे, तेथून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने ठरलेल्या ठिकाणापर्यंत पोहोचून वळायचे आणि आल्या वाटेने खाली उतरायचे. जाताना जो चढ, तोच येताना उतार. एकूण हिशेब बरोबरीचा वाटतो; पायांना मात्र तो तसा वाटत नाही.

कारण चढ दम काढतो आणि उतार मांड्या. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार अडवून धरावा लागतो. त्या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी जिना चढणे जमते, पण उतरताना कठड्याला धरावे लागते. त्यातच, सुमारे दीड-दोन तासांच्या सततच्या श्रमानंतर स्नायूंतील साखरेचा साठा आटू लागतो. नेमक्या त्याच सुमारास सामान्य धावक घाट उतरत असतो. चढताना जो उधळेपणा झाला, त्याची वसुली उतारावर होते.

या घाटाची तयारी प्रत्येक गाव आपापल्या भूगोलाप्रमाणे करते. पुण्याचे लोक सिंहगडाची वाट धरतात, मुंबईचे लोक राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा चढ, तर कोल्हापूरचे लोक पन्हाळा आणि जोतिबा. सांगलीची अडचण अशी, की कृष्णाकाठची सगळी जमीन सपाट. तेथील धावक आठवडाभर नदीकाठी आणि १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलावरून धावतात आणि महिन्यातील एखाद्या रविवारी मोटारी काढून मिरजेपलीकडच्या दंडोबाच्या डोंगरावर जातात.

सांगलीचा असाच एक बावीस जणांचा गट दरवर्षी साताऱ्याला येतो. त्यात हळदीचे अडते आहेत, दंतवैद्य आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि बाजारपेठेत कापडाचे दुकान चालवणारे पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले. चालता चालता ते धावू लागले. वर्षभरात वजन नऊ किलोंनी उतरले आणि चुलत्याच्या लग्नात शिवलेला कोट पुन्हा अंगाला बसू लागला.

गटाचा एक शिरस्ता होता. रोज सकाळी दुकाने-कचेऱ्या उघडण्यापूर्वी प्रत्येकाने मोबाइलवरील सामाईक गटात आपली नोंद टाकायची. किती किलोमीटर, किती वेळात. एखाद्याने 'आज बारा' असे लिहिले, की अंथरुणात लोळणारा दुसरा उठून बूट चढवी. पावसाळ्यात, अंधारात, घरात लग्नकार्य असतानाही माणसे बाहेर पडत ती या नोंदींमुळे. एकट्याने केलेला संकल्प लवकर विरतो. चारचौघांत मांडलेला टिकतो, हा अनुभव व्यापारी घरांना नवा नाही.

पण मांडलेल्या आकड्याला प्रेक्षक लाभले, की आकडा फुगू लागतो. कापड दुकानदारांच्या बाबतीत तेच झाले. एका सकाळी आठ किलोमीटर धावून त्यांनी दहा लिहिले. कोणी विचारले नाही. उलट अंगठे आणि टाळ्या आल्या. पुढे रविवारच्या अकरांचे अठरा होऊ लागले. गटातील तरुणांनी त्यांना 'काका, तुम्ही आमचे आदर्श' असे लिहिले, तेव्हा मागे फिरण्याची वाट बंद झाली.

त्या वर्षी यवतेश्वरच्या घाटात ते स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवून धावले. चढावर त्यांनी तिशीतल्या मुलांची संगत सोडली नाही. धावताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता आले पाहिजे, नाही तर वेग कमी करावा, हा साधा नियम त्यांना ठाऊक होता. पण त्या दिवशी बोलायला दमच उरला नव्हता. उतार लागला आणि काही वेळात दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. ते कठड्याला टेकून बसले. पुढचा प्रवास रुग्णवाहिकेतून झाला. गटाला त्यांनी कळवले, "पाय मुरगळला. थोडक्यात पदक हुकले." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्या सहानुभूतीनेच त्यांची झोप उडवली.

दिवाळी पाडव्याला नव्या वहीचे पूजन झाले. ज्या हाताने तीस वर्षे दुकानाचा रोजमेळ पैशापर्यंत जुळवला, त्याच हाताने आपण चार महिने खोट्या नोंदी केल्या, हा विचार त्या दिवशी त्यांना सोडीना. रात्री त्यांनी गटावर लिहिले: "जूनपासूनच्या माझ्या बऱ्याच नोंदी खऱ्या नाहीत. रविवारचे अठरा प्रत्यक्षात अकरा होते. घाटात पाय मुरगळला नव्हता. ताकद संपली होती. दुरुस्त आकडे खाली देत आहे." आणि खाली चार महिन्यांची यादी.

बराच वेळ कोणीच काही लिहिले नाही. मग एका शिक्षिकेने लिहिले, की गुडघा दुखत असताना गोळ्या घेऊन ती धावत होती आणि ते तिने घरीही सांगितले नव्हते. एका तरुणाने कबूल केले, की त्याच्या निम्म्या नोंदी सायकलवरच्या आहेत. मध्यरात्रीपर्यंत पाच जणांचे हिशेब दुरुस्त झाले. दुसऱ्या दिवसापासून किलोमीटर आणि वेळ यांच्याखाली नोंदीत तिसरी ओळ आली: आज काय जमले नाही.

या तिसऱ्या ओळीची किंमत जानेवारीत कळली. हळदीच्या अडत्यांनी, वय अठ्ठावन्न, एका रविवारी तीत लिहिले, "दंडोबाच्या चढावर छातीत दडपल्यासारखे होते. थांबलो की जाते. असे तीन वेळा झाले. लिहायला संकोच वाटत होता." दहाव्या मिनिटाला दंतवैद्यांचा फोन आला. श्रम केल्यावर छाती दडपणे आणि विसावा घेतल्यावर बरे वाटणे हे हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याचे लक्षण असू शकते. एक पाऊलही धावू नका, उद्याच हृदयरोगतज्ज्ञांना भेटा, असे त्यांनी बजावले. तपासणीत दोन रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या आणि आठवड्याच्या आत स्टेंट बसवले गेले. जुन्या शिरस्त्याप्रमाणे त्या रविवारची नोंद एवढीच असती: 'दंडोबा, नऊ किलोमीटर'. आणि खाली अंगठे.

गटाची तयारीही त्यानंतर पालटली. आठवड्याचे अंतर एकदम न वाढवता साधारण दहाव्या हिश्शानेच वाढवायचे, कठीण दिवसानंतर हलका दिवस ठेवायचा, चढावर चालण्यात कमीपणा मानायचा नाही आणि शर्यतीपूर्वीच्या दोन आठवड्यांत धावणे कमी करायचे. पन्नाशीच्या पुढच्यांनी वैद्यकीय तपासणीखेरीज नाव नोंदवायचे नाही, असेही ठरले. ही पथ्ये नवी नव्हती. पूर्वी आकड्यांच्या चढाओढीत ती कोणी पाळत नसे, इतकेच.

पुढच्या सप्टेंबरात तो गट पुन्हा साताऱ्यात उतरला. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची घरची सवय येथे सोयीची ठरली. पहाटे पोट हलके होते. खिशात खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. पायांत जुने, सरावाचे बूट.

शर्यतीच्या सकाळी सातारा शहर घरात बसत नाही. आजी-आजोबा ओट्यावर येतात, शाळेची मुले रस्त्याच्या कडेला रांगा करून टाळ्या वाजवतात, ढोल-ताशे घुमतात. कोण पहिला आणि कोण शेवटचा याची त्या मुलांना फिकीर नसते. शेवटच्या माणसालाही तोच गजर मिळतो. घाटात शिरल्यावर आवाज मागे पडतात. खाली शहर धुक्यात बुडालेले, समोर अजिंक्यतारा आणि कडेला ओल्या कातळांवर सोनकीची पिवळी फुले. पुढे कासचे पठार आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले हे पठार याच दिवसांत फुलते आणि तेथील तलावाचे पाणी सातारा शहर पिते. ढग उघडले तर कासच्या या रस्त्यावरून एका अंगाला कण्हेर आणि दुसऱ्या अंगाला उरमोडी धरणाचे पाणी दिसते. मागच्या खेपेस कापड दुकानदारांनी यांतले काहीच पाहिले नव्हते. या खेपेस ते चढावर चार मिनिटे धावत आणि एक मिनिट चालत होते. शेजारून जाणाऱ्या तरुणाने "काका, चला की!" म्हटले, तेव्हा त्यांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिले, "तुम्ही व्हा पुढे, माझा वेग मला ठाऊक आहे."

ज्या कठड्याला टेकून ते बसले होते, तो उतारावर पुन्हा आला. तेथे ते क्षणभर थांबले, पोटऱ्या चाचपल्या, दोन घोट पाणी घेतले आणि लहान पावलांनी खाली निघाले.

कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ पासून साताऱ्यातूनच चालते. गरीब घरांतील मुलांनी स्वतःच्या श्रमावर शिकावे, हा तिचा पाया. पायांनी चालवायच्या या उद्योगातही उसनवारी चालत नाही. सोबत्यांनी उठवावे, सावध करावे, पाणी पुढे करावे. पाऊल मात्र ज्याचे त्यालाच टाकावे लागते. म्हणून सोबत्यांना खरे सांगणे हा केवळ सचोटीचा प्रश्न राहत नाही. खोट्या आकड्यावर दिलेला सल्लाही खोटाच ठरतो आणि त्याची भरपाई शरीराला करावी लागते.

शेवटच्या वळणावर हळदीचे अडते उभे होते. डॉक्टरांच्या परवानगीने ते आता रोज चार किलोमीटर चालतात. साताऱ्याला ते गटाबरोबर आले होते आणि पहाटेपासून कंदी पेढ्यांचा पुडा हातात धरून बसले होते. दुकानदार पोहोचले, तेव्हा दोघे काही बोलले नाहीत. पुडा उघडला गेला.

दुपारी सांगलीकडे परतताना मोटारीत त्यांनी नोंद लिहिली: "२१.१ किलोमीटर. २ तास ५८ मिनिटे. काय जमले नाही: घाटात बऱ्याच ठिकाणी चाललो, शेवटचे दोन किलोमीटर फार जड गेले." लिहून झाल्यावर त्यांनी ती एकदा वाचली, एकही आकडा बदलला नाही आणि पाठवून दिली.