पहिली टर्म

2024 सालची गोष्ट. श्रावण संपत आला होता, गणपती चार दिवसांवर होते. शाळा सुटल्यावर मी कचेरीत एकटाच बसून पगारबिलांवर सह्या करीत होतो. व्हरांड्यात छत्री मिटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ, "सर, आत येऊ काय?"

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलातून दहावी झालेली मुलगी. बेळगावला राज्यशास्त्र घेऊन एम. ए. करते आहे हे मला ठाऊक होते. माझाही विषय तोच. तिने तो घेतल्याचे कळले तेव्हा आनंद झाला होता आणि थोडी धाकधूकही वाटली होती. 'राज्यशास्त्र शिकून पुढं काय करायचं?' असे आमच्या खानापूर तालुक्यातले पालक विचारतात, आणि त्यावर उत्तर म्हणून मला स्वतःलाच पुढे करावे लागते. त्या उत्तराने फारसे कुणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही.

तिने मोबाईल काढून सूचनाफलकाचे फोटो दाखवले. आमच्या वेळी फलकासमोर उभे राहून वहीत उतरवून घ्यावे लागे. काय नव्हते त्या फलकावर! गांधीजींच्या अध्यक्षतेखाली 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, त्याच्या शताब्दीनिमित्त निबंधस्पर्धा. 26 नोव्हेंबरच्या संविधान दिनासाठी व्याख्यान. खासदाराच्या हाताखाली राहून वर्षभर काम शिकण्याची दिल्लीतली एक फेलोशिप. ही 2010 साली सुरू झाली आणि पंचवीस वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना मिळते, हे मला तिच्याकडूनच कळले. आणि ऑक्टोबरात युवा संसद. त्यातल्या निवडक मुलांना डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात नेऊन प्रेक्षक गॅलरीतून अधिवेशन दाखवणार होते.

"मला विरोधी बाकावर घेतलंय, सर. प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न विचारायचा. पण सगळं कानडीत. जाऊ काय नको, सांगा की."

मी चष्मा काढून पुसला. वेळ काढायचा असला की मी तेच करतो.

सीमाभागाबाहेरच्या वाचकाला यात अडचण कुठली, असे वाटेल. 2012 च्या ऑक्टोबरात ती इमारत उभी राहिली आणि तेव्हापासून तिथे अधिवेशन भरू लागले. त्याच वेळी आमची माणसे निषेधाचा महामेळावा ठरवतात. परवानगी मिळो अथवा न मिळो. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून उभाच आहे. अशा गावात, अशा घरांतली मुलगी त्या इमारतीच्या गॅलरीत जाऊन बसणार म्हणजे चार तोंडे चार प्रकारे बोलणार. मी तिला हेच सांगितले. वर जोडले की, "तू आपला अभ्यास कर. बी. एड. चं बघ. या गोष्टींनी पोट भरत नाही."

ती "बरं सर" म्हणाली, नमस्कार केला आणि गेली. छत्रीचे पाणी दारात सांडले होते, ते शिपायाने पुसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सीमाप्रश्नामुळे नव्हे. मला कोल्हापूर आठवत होते.

1990 च्या जुलैत मी शिवाजी विद्यापीठात एम. ए. ला गेलो. खानापूर तालुक्यातून ट्रंक घेऊन निघालेला मुलगा. मराठी मुलखात चाललो म्हणून छाती फुगलेली. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तशी पहिली टर्म पुन्हा मिळायची नाही. वर्गात प्लेटो आणि ॲरिस्टॉटल चालू होते आणि बाहेर रोज सकाळी वर्तमानपत्र जणू नवा अभ्यासक्रम लावीत होते. 2 ऑगस्टला इराकने कुवेत गिळला. 7 ऑगस्टला विश्वनाथ प्रताप सिंगांनी मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर केली : केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना 27 टक्के. उत्तरेत कॉलेजे बंद पडली, दिल्लीत मुलांनी अंगावर रॉकेल ओतून घेतले. 25 सप्टेंबरला सोमनाथहून रथ निघाला. 3 ऑक्टोबरला दोन जर्मनींची एक झाली. मेसमध्ये आमटी निवून जाई आणि वाद संपत नसे. वाढणारे मामा कावून म्हणायचे, "सरकार पडंल तवा पडंल, आधी ताटं उचला!"

आणि हे सगळे कोल्हापुरात! 26 जुलै 1902 रोजी, स्वतः विलायतेत असताना, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्या गावात. आमच्या सरांनी तो हुकूम वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "दिल्लीवाल्यांना आज जे नवं वाटतंय ते या गावाला अठ्ठ्याऐंशी वर्षांचं जुनं आहे." पुस्तकातला विषय आणि रस्त्यावरचा विषय एकच असतो, हे मला त्या तासाला कळले.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका संस्थेने मंडलवर वादविवाद ठेवला. सरांनी विभागातून माझे नाव दिले. मी ग्रंथालयात बसून फुलस्केपची चार पाने लिहिली. शाहूंचा हुकूम, घटनेचे सोळावे कलम, मद्रासकडचा अनुभव, सगळे. पाने चांगली झाली होती, आज वाचली तरी मी त्यांना पास करीन. पण आदल्या संध्याकाळी खोलीत म्हणून बघत होतो, तेव्हा दारात जमलेली पोरे हसू लागली. मुद्द्यांना नव्हे, माझ्या बोलण्याला. आमच्याकडे वाक्याच्या शेवटी कानडी हेल येतो, तो मला आजवर कधी ऐकूच आला नव्हता. एकाने नक्कल केली. "अरे, ह्यो तर कानडी हाय की रे!" वाईट मनाची नव्हती ती पोरे. पण मी ज्या भाषेसाठी बेळगावात मोर्चातून चाललो होतो, त्या भाषेच्या गावात मी कानडी ठरलो होतो.

सकाळी मी सरांना चिठ्ठी ठेवली, 'आईला बरे नाही', आणि निपाणीमार्गे बेळगावची एस. टी. धरली. आई अंगणात वाळवण आवरत होती, ठणठणीत. चार पाने मी खोलीतल्या माण तालुक्याच्या मित्राला दिली होती. त्याने ती आपल्या आवाजात म्हटली आणि दुसरे बक्षीस आणले. बक्षिसाचे फाउंटन पेन त्याने मला देऊ केले. मी घेतले नाही. सरांनी "आई कशी आहे?" एवढेच विचारले. त्यांना कळले असावे. पुढे दोन वर्षांत त्यांनी माझे नाव कुठे दिले नाही आणि मीही कुठे दिले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर 7 नोव्हेंबरला सरकार लोकसभेत पडले, ती बातमी मी रेडिओवर ऐकली आणि कुणाशी बोललो नाही.

आता मला सांगा, त्या संध्याकाळी कचेरीत मी त्या मुलीला जे सांगितले ते सीमाप्रश्नापोटी की त्या हसण्यापोटी? तिच्या कानडीला मराठी हेल येतो. सगळे हसतील, ही भीती तिची होती की माझी, हे मला पहाटेपर्यंत ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी फोन करीन म्हणालो. मग गणपती आले, मग चाचणी परीक्षा आल्या. खरे सांगायचे तर फोन केला नाही.

दसऱ्याला सोने द्यायला ती घरी आली. "सर, रागावू नका, मी नाव काढून घेतलं नाही." मी म्हटले, बरे केलेस. यापेक्षा जास्त बोलता आले नाही.

झाले ते तिनेच नंतर सांगितले. पहिल्या वाक्याला हसले लोक. तिने थांबून पुन्हा तेच वाक्य म्हटले. प्रश्न होता आमच्या गावच्या सकाळच्या बसचा, जी आठवड्यातून दोनदा येतच नाही आणि मुलींचा पहिला तास बुडतो. परिवहनमंत्री झालेल्या मुलाने 'पाहणी चालू आहे' असे ठोकून दिले. तिने लगेच पुरवणी प्रश्न टाकला, पाहणी कोण करते आणि कधीपासून? मग हसणारेच बाके वाजवू लागले. डिसेंबरात गॅलरीतही जाऊन आली. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, खाली काय चालले आहे ते निम्मे कळत नाही, आणि काही आमदार चक्क पेंगत होते, हा तिचा वृत्तान्त. गावात दोघा-तिघांनी टोमणे मारले. तिच्या वडिलांनी ते ऐकून घेतले.

जानेवारीत मी तिला शाळेत बोलावले. नववी-दहावीच्या मुलांना तिने हॉलमध्ये बसवले, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. फळ्यावर 'तारांकित प्रश्न' लिहिले, खाली कानडीत 'चुक्के गुरुतिन प्रश्ने' लिहिले आणि समजावले : खूण असलेल्या प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, खूण नसली की उत्तर लेखी मिळते, विषय मिटतो. मुलांना पुरवणी प्रश्न फार आवडला. मंत्री कोण व्हायचे यावर भांडण लागले, तेव्हा ती म्हणाली, "शिक्षणमंत्री सर होतील."

नववीतली एक मुलगी उठली. एरवी वर्गात तिचा आवाज ऐकू येत नाही. "मुलींच्या बाजूच्या दोन संडासांपैकी एकाला दिवाळीपासून कुलूप आहे, हे खरे आहे काय? असल्यास त्याची कारणे काय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहिलो, चष्मा काढला. "माहिती गोळा करण्यात येत आहे," मी म्हणालो.

हॉलमध्ये हशा झाला. मुलगी मात्र खाली बसली नाही.

"पुरवणी प्रश्न, सर," ती म्हणाली. "चावी कुणाकडे आहे?"