हरलेले निकाल वाच

नागपूर

चि. सई,

मानवी हक्कांचा कायदा शिकायचाय, कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू, असं विचारलंस आणि सोबत लेखाचा मसुदा पाठवलास. त्यात तिसऱ्याच ओळीत मथुरा बलात्कार खटल्यातल्या पोलिसांना तू उच्च न्यायालयाकडून सोडवलंस! अगं, आपल्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना शिक्षा दिली होती. त्याआधी सोडलं होतं सत्र न्यायालयाने, आणि शेवटी १९७८ साली सोडलं सर्वोच्च न्यायालयाने. कुठल्या तरी सारांशावरून उचललंस ना?

पुस्तकाचं नंतर बघू. आधी सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल मुळातून वाच. लांब नाही. देसाईगंजचं पोलिस ठाणं, १९७२ साल, एक आदिवासी मुलगी आणि दोन पोलिस. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती: ही साखळी कोर्टाने कशी जोडली ते ओळीवर बोट ठेवून बघ. भीतीने गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी, हे उच्च न्यायालयाला कळलं होतं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, ते नेमकं याच जागेवर. १९८३ साली कायदा बदलला. पुरावा कायद्यातलं संमतीविषयीचं तेव्हाचं कलम ११४-अ आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम १२० झालंय, जुन्या आकड्याने शोधत बसू नकोस. मथुराच्या खटल्याचा निकाल मात्र आहे तसाच राहिला.

म्हणून सांगते, हरलेले निकाल वाच. जिंकलेले सगळेच वाचतात, भाषणात घालतात. कायदा कुठे तोकडा पडला ते हरलेल्यांतच दिसतं. हे मी तुला दिवाळीतही ऐकवलं होतं, तेव्हा तू मोबाइलमध्ये होतीस.

आता करारांचं. १९६६ च्या दोन्ही आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करारांत भारत १९७९ साली सामील झाला, एवढं लिहून तू थांबलीस. सामील होताना काय राखून ठेवलं तेही बघायचं असतं. बेकायदा अटकेची भरपाई मागण्याचा हक्क आपण तेव्हा मान्य केला नव्हता. तरी १९९३ साली नीलाबती बेहेरांना, मुलगा कोठडीत दगावला म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देववले, घटनेच्या कलम २१ च्या बळावर. त्या बाईंनी कोर्टाला पत्र लिहिलं होतं, त्याचीच याचिका झाली. आणि छळविरोधी करारावर १९९७ साली आपण नुसती सही केली आहे, अनुसमर्थन अजून नाही. तो बंधनकारक असल्यासारखा लिहिलायस, ते खोड.

पण सई, मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच कारणाने. ज्या मावशींच्या मुलाला कोठडीत मारहाण झाली, त्यांचं खरं नाव, गाव, वस्तीसुद्धा तू मसुद्यात घातलीस. विचारलंस त्यांना? तू पुण्याला परत जाशील, त्यांना त्याच ठाण्यासमोरून रोज बाजाराला जायचंय. आणि घटना गेल्या आषाढातली ना? मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत जावं लागतं, १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ बघ. तुझा लेख थांबेल, ती मुदत थांबणार नाही. तक्रार नोंदली का, दवाखान्याचा कागद कुणाकडे आहे, रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटला मुलाने काही सांगितलं का, हे आधी विचार. कागदांच्या नकला काढ, मूळ प्रती मावशींकडेच राहू देत.

ठाण्यात एकटी जाऊ नकोस. तुझ्या बाबाला यातलं काही कळवलेलं नाही, पण फार दिवस लपवणार नाही. नाव काढलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव, आणि त्याआधी मावशींच्या तक्रारीचं काय झालं ते फोनवर सांग.

तुझी,
आत्या