पायरीवर बसलेला एकजण



लेकीकडे नेदरलँड्सला गेले होते. द हेगला एशर या डच चित्रकाराचं संग्रहालय आहे. तिथे त्याचं १९६० सालचं एक शिळाछाप चित्र पाहिलं. इमारतीच्या गच्चीवर चौकोनी जिना. डोकी झाकलेले साधू दोन रांगांत फिरताहेत. एक रांग सारखी चढते, दुसरी सारखी उतरते, आणि सगळे पुन्हा तिथेच! मी बी.कॉम. झालेली, लगेच हिशोब मांडला: एवढ्या पायऱ्या चढून शिल्लक शून्य.

आधी हसू आलं, मग डोळे भरले. पहाटे पाणी गाळायचं, सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, की पुन्हा पहाट. "वेळ मिळाला की रोज सामायिक करेन," असं सासूबाई म्हणायच्या. तसंच म्हणत त्या गेल्या. मीही तेच म्हणत होते.

लेक म्हणाली, "आई, खाली बघ." दोघंजण रांगेत नव्हते. एक सज्जातून नुसता बघत होता, एक खालच्या पायरीवर एकटाच बसला होता. वर फेऱ्या चालूच होत्या.

घरी आल्यावर आसन अंथरलं. ४८ मिनिटं बसले. कुकरच्या शिट्ट्या ह्यांनी मोजल्या.