क्लचवायर तुटली तेव्हा

समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी. आपणा मोटारसायकलवाल्यांना मालेगाव (नाशिककडचे नव्हे), शेलूबाजार, कारंजा हा जुनाच रस्ता. एका परीने बरेच म्हणायचे, इथे मिस्त्री तरी भेटतो.

नागपूरला जाताना मालेगाव सोडले आणि क्लचवायर तुटली. सौ.ला पिशव्यांसह काळीपिवळीत बसवले. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली, पायांनी रेटत वेग दिला, मग पहिला गिअर टाकला. गचका बसला, पण निघाली. असे शेलूबाजार गाठले. सौ. टपरीवर चहा घेत होत्या! मिस्त्रीने नवी वायर घातली आणि शेजारून एक जादा वायरही बांधून दिली. पुढे तुटलीच तर फक्त टोके बदलायची.